40 घेऊ की 42?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. विचारणारे तुम्ही एकटे नाही. दिवाळीचे कंदील उतरले की माझ्या दुकानात हा प्रश्न सुरू होतो, तो थेट संक्रांतीपर्यंत. "मास्तर, लोकरीचं जाकीट घ्यायचंय, 40 घेऊ की 42?" कुणी मनालीला निघालेला असतो, कुणाला कंपनीने महिनाभर परदेशी धाडलेलं असतं, कुणाच्या लेकीचं तिकडे बाळंतपण असतं. ठाण्यात, नौपाड्यात माझं अल्टरचं दुकान आहे. दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, आणि गिऱ्हाईक ट्रायलला उभं राहिलं तर मला बाहेर यावं लागतं एवढी जागा. नवं मी शिवत नाही. दुसऱ्याने शिवलेलं आणि तुम्ही चुकीचं घेतलेलं दुरुस्त करणं हा माझा धंदा. तेव्हा तुम्ही साइज बरोबर घेतलात तर नुकसान माझंच. तरी सांगतो.

ठाण्यात लोकर हा तसा गमतीचा विषय आहे. जानेवारीत पहाटे तलावपाळीला फिरणारे कानटोप्या घालून येतात आणि उन्हं वर आली की त्या खिशात जातात. पण याच गावात 1925 साली लोकरीची गिरणी उभी राहिली, 1944 मध्ये ती सिंघानियांकडे आली आणि रेमंडचं कापड देशभर गेलं. पोखरण रोडवरची ती गिरणी बंद झाली, आता तिथे टॉवर आहेत. पण जुन्या ठाणेकराला अजून कापड चिमटीत धरून पारखता येतं. अडतं ते तयार जाकिटापाशी. कारण तेव्हा कापड घेतलं की मापाचं काम मास्तरांचं असायचं, आता ते तुमच्यावर आलंय.

त्यात आपली एक जुनी खोड. शाळेचा स्वेटर घेताना आई दुकानदाराला म्हणायची, "वाढत्या अंगाचा द्या." बाह्या दुमडून तो तीन वर्षं निघायचा, आणि अंगात बसेपर्यंत कोपरं झिजलेली असायची. पन्नाशीतला माणूस आजही जाकीट घेताना मनातल्या मनात वाढत्या अंगाचंच घेतो. वाढतं फक्त पोट. खांदे वाढत नाहीत. उलट तिशीतली जिमवाली मुलं. त्यांना जाकीट गंजिफ्रॉकासारखं अंगाला चिकटलेलं हवं. दोघेही नोव्हेंबरात माझ्याच दारात.

तर पहिली गोष्ट खांदा. बाहीची शिवण तुमच्या खांद्याचं हाड जिथे संपतं तिथे यायला हवी. घरी तपासायचं तर भिंतीला बाजूने टेकून उभे राहा. दंडाच्या आधी जाकिटाचा खांदाच भिंतीला लागला, तर ते मोठं आहे. शिवणीच्या जरा खाली अंगठ्याने दाबून बघा, खळगा पडत असेल तरी मोठंच. शिवण वर राहून दंड फुगून बाहेर येत असेल तर लहान. बाकी बहुतेक गोष्टी मी करून देतो. कंबर बाजूच्या शिवणीतून इंच-दीड इंच आत घेता येते, बाही आखूड होते. सैल करायचं म्हटलं तर आत मार्जिन किती सोडलंय त्यावर, अर्धा इंच मिळाला तरी नशीब. पण खांदा उसवायचा म्हणजे बाही, अस्तर, कॉलर सगळंच मोकळं करावं लागतं. मजुरी ऐकून गिऱ्हाईक जाकीट उचलून घरी जातं. चौकड्याचं कापड असेल तर पैसे दिलेत तरी मी हात लावत नाही, चौकड्या पुन्हा जुळत नाहीत. म्हणून दुकानात असताना दुसरं काही बघू नका, खांदा बघा. खांदा बसला की निम्मं जाकीट बसलं.

ब्लेझरच्या खांद्यात भरण असतं, ते तुमचे उतरते खांदे झाकून घेतं. कॅज्युअल जाकिटात बहुधा भरण नसतं किंवा नावाला असतं, अस्तरही कधी अर्धंच. कापड तुमच्या हाडावर जसं पडेल तसंच दिसणार. म्हणजे साधं म्हणून घेतलेलं हे जाकीट मापाच्या बाबतीत जास्त कडक.

आता तो आकडा. 40 म्हणजे जाकिटाचा घेर 40 इंच, असं निम्म्या लोकांना वाटतं. 40 हे तुमच्या छातीचं माप. जाकीट स्वतः मोजाल तर 43-44 भरेल, त्याला आम्ही लूझिंग म्हणतो. टेप काखेतून, पाठीच्या फऱ्यांवरून, छातीच्या सर्वांत रुंद भागावर घ्यायचा, आत एक बोट जाईल एवढा, हात खाली सोडून. आणि श्वास नेहमीचा. हे मी मुद्दाम सांगतो, कारण टेप अंगाला लागला की पुरुषमाणूस छाती फुगवतो. एकाही गिऱ्हाइकाने अजून ती फुगवायची सोडलेली नाही. मी मग सहज विचारतो, "काय, पार्किंगचं काय झालं तुमच्या सोसायटीत?" ते बोलायला लागतात, श्वास सुटतो, दीड इंच कमी भरतं. ते खरं माप.

गेल्या वर्षी एक काका आले. निवृत्त, टापटीप, हातात कडक घडीची पिशवी. मुलगी जर्मनीत असते, तिने तिकडून जाकीट पाठवलं होतं. जाड लोकर, शेवाळी रंग, बाहेरून लावलेले दोन खिसे. काकांनी ते अंगात घातलंच नव्हतं. कॉलरमागचं लेबल माझ्यापुढे धरून म्हणाले, "अहो मास्तर, हे 50 नंबरचं आहे. पोरीला बाप विसरायला झाला का? किती आत घ्याल?" मी म्हटलं, "काका, घाला तर आधी." घातलं. कॉलर मानेला बेतशीर टेकली, मागे फट नाही, खांद्याची शिवण हाडावर. युरोपात छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेतात आणि त्याच्या निम्मा आकडा लेबलवर येतो. 40 इंच म्हणजे 101-102 सेंटिमीटर, निम्मे 50-51. त्यांच्या आकड्यातून 10 वजा केले की आपला आकडा. काकांनी हिशोब बोटांवर करून पाहिला, आरशात पाहिलं, मग पुन्हा हिशोब केला. "म्हणजे पोरीला माप माहीत होतं," एवढंच म्हणाले. मी पैसे घेतले नाहीत, काम काही केलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाकरवडीचा पुडा आला.

नेहमी असं गोड होत नाही. माझी एक चूक सांगतो. दुकान नवं होतं तेव्हाची. एक गिऱ्हाईक सिमल्याला निघालं होतं. ऑक्टोबरचा उकाडा, अंगात पातळ अर्धबाही शर्ट, त्यावर जाकीट घातलं, बाही तळहातावर येत होती. मी मनगटाच्या हाडापर्यंत खडूची खूण केली, एक इंच कापून शिवून दिलं. आठ दिवसांनी ते परतले, फोटो दाखवला. आत थर्मल, त्यावर हातविणीचा जाड स्वेटर, वर जाकीट, आणि दोन्ही मनगटं उघडी. स्वेटरमुळे खांद्यावर आणि कोपराशी जागा जाते, बाही वर सरकते. मला ते कळायला हवं होतं. कापलेली बाही काही परत उगवत नाही. मी त्यांना पैसे परत केले. ते ओरडलेही नाहीत, त्याने जास्त लागलं.

तेव्हापासून माझ्याकडे एक नियम आहे. तिकडे आत जे घालणार ते इथे आत घालून दाखवा, मग मी खडू उचलतो. तुम्हीही दुकानात तसंच करा. जाकीट घेणारा माणूस ठाण्यात घामाघूम उभा असतो आणि घालणारा बर्फात, दोघांची मापं सारखी नसतात. आत नुसता शर्ट असेल तर छातीच्या मापाचाच नंबर पुरतो. आत जाड स्वेटर असेल तर एक नंबर वर जाऊन बघा, पण खांदा उतरायला लागला की परत खाली या आणि स्वेटर पातळ घ्या. कापड जाड असेल तर ते आतली जागाही खातं. मेल्टन म्हणतात तसलं घट्ट, नमद्यासारखं कापड आणि सुटाचं पातळ कापड, दोन्हींत 40 नंबर घालून बघा, सारखा वाटणार नाही. आणि थंडीसाठी म्हणून आवळून घालू नका. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्या कुरळेपणात हवा अडकते आणि ऊब त्या हवेची असते. ताणून बसवलंत तर हवेला जागाच कुठे राहणार?

मग हात वर करायचा. लोकलची कडी धरतो तसा. ही परीक्षा कुठलंही दुकान सांगत नाही. हात वर गेल्यावर जाकीट थोडं वर येणारच, पण अख्खं पोटाच्या वर उचललं गेलं तर मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, खोल आहे. लोकांना वाटतं मुंढा खोल म्हणजे हात मोकळा. उलटं आहे. मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात एकटा हलतो, खाली ओघळलेला असेल तर हाताबरोबर सगळं जाकीट ओढलं जातं. म्हणून मोठा नंबर घेऊनही हात अडकतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, अजून मोठा द्या.

पोटाचं काय, हे कुणी उघड विचारत नाही, सगळ्यांना तेच विचारायचं असतं. तयार जाकीट कापताना छातीपेक्षा कंबर चांगली लहान धरलेली असते, सुटात तर बहुधा सहा इंचांनी. आपल्याकडे चाळिशीनंतर कंबर छातीला गाठते. बटण लावलं की त्याच्याभोवती फुलीसारख्या चुण्या पडतात. पोटासाठी नंबर वाढवू नका, खांदे जातील. खांद्याचा नंबर घ्या आणि बटण उघडं ठेवा. कॅज्युअल जाकीट उघडं घातलं तर कुणी हसत नाही. किंवा चेनवालं घ्या, सरळ कापाचं, ते पोटाला कमी छळतं.

ऑनलाइन मागवणार असाल तर घरातलं नीट बसणारं एखादं जाकीट पलंगावर पसरा, बंद करा आणि काखेपासून काखेपर्यंत मोजा. 22 भरलं तर घेर 44. आता त्यांच्या तक्त्यात बघा, तिथला आकडा अंगाचा आहे की कपड्याचा. ही एक ओळ न वाचल्यामुळे माझं निम्मं घर चालतं. स्मॉल, मीडियम, लार्ज या अक्षरांवर जाऊ नका, एका कंपनीचा मीडियम 38 असतो, दुसरीचा 40. खांदा मुद्दाम उतरवलेल्या ओव्हरसाइज जाकिटांबद्दल मला विचारू नका, मुलगा रोज समजावतो, मला अजून पटलेलं नाही.

आणल्यावर तारेच्या हँगरला टांगू नका, खांद्याला टेंगळं येतात. पावसाळ्याआधी घासून, ऊन दाखवून डांबराच्या गोळ्यांसकट बंद पिशवीत ठेवा, नाहीतर कसर लागते. भोक पडलेलं रफू करणारा माणूस आता जांभळी नाक्यापर्यंत शोधावा लागतो. आणि मशीनला लावू नका. गरम पाण्यात घुसळलं की लोकरीचे तंतू एकमेकांत अडकून बसतात, 42 चं 38 होतं, आणि ते घेऊन लोक माझ्याकडे येतात, "जरा सैल करून द्या."

तुमचं जे विचारणं होतं, 40 की 42, ते इथे बसून मला नाही सांगता येणार. दुकानातून दोन्ही घेऊन या, लेबल काढू नका, बिल सांभाळा. संध्याकाळी सहानंतर या, तेव्हा गर्दी कमी असते. स्वेटर बरोबर आणा. पंखा मी फुल करून ठेवतो.