लेवीय सहा आणि बहात्तर गुंठे

पाळकाच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूच्या, पिशवीत काय काय असतं, हे मंडळीबाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. पवित्र शास्त्र असणारच. त्याखाली बाप्तिस्म्याचे दाखले, कब्रस्तानाच्या जागेचा उतारा, कुणाच्या तरी पोराचा शाळाप्रवेशाचा अर्ज आणि एका स्टीलच्या डब्यात आजाऱ्यांसाठीचा प्रभुभोजनाचा, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीने घ्यायच्या भाकरीचा आणि द्राक्षरसाचा, छोटा संच. द्राक्षरस मी घरीच करतो. काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यात उकळून कुस्करायच्या, फडक्यातून दोनदा गाळायच्या. साखर घालायची नाही. काही ठिकाणी बाटलीतलं लाल सरबत वापरतात, ते मला पटत नाही. ज्या पेल्यावर आपण नव्या कराराचे शब्द उच्चारतो, त्यात रंग आणि इसेन्स कशाला?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावात मी पाळक आहे. गावाचं नाव सांगत नाही. ज्यांच्याबद्दल लिहितोय त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, मीही तेवढंच म्हणेन. काकूंना विचारूनच लिहितोय. त्या म्हणाल्या, ‘लिहा. आमच्यातल्या आणखी चार घरांना लागू पडेल.’

अण्णा मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, बरीच वर्षं आमच्या कमिटीचे सचिव. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. डायलिसिसच्या दिवशी माणूस पिळून निघतो, दुसऱ्या दिवशी जरा बोलता होतो. म्हणून मी नेहमी दुसऱ्या दिवशी जायचो. त्या दिवशीही तसाच गेलो. वचन वाचलं, भाकर मोडली. पेला पुढे केला तर त्यांनी हात आडवा धरला. ‘नको. पाणी मोजून आहे माझं.’

डायलिसिसच्या रुग्णाला पाणी मोजून असतं हे खरं. काकू तांब्यावर खुणा करून द्यायच्या. पण त्या पेल्यात जेमतेम दोन चमचे रस मावतो, आणि मागच्या खेपेलाही त्यांनी हेच कारण दिलं होतं. भाकरही त्यांनी तोंडात घातली नव्हती, रुमालात धरून ठेवली होती. मी काकूंना चहा टाकायला सांगितलं.

काकू आत गेल्यावर अण्णा म्हणाले, ‘पाळकसाहेब, माझं तारण गेलंय का? हो की नाही, एवढंच सांगा. समजूत काढू नका.’ तारण म्हणजे ख्रिस्तामुळे पापाच्या शिक्षेतून मिळालेली सुटका.

मग त्यांनी सगळं सांगितलं. वडील वारल्यावर तीन एकर रानाच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघांची नावं लागली, यांचं आणि धाकट्या बहिणीचं. आई आधीच गेली होती. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती माणसांना, १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा आहे. कायदा इतका जुना, तरी आपल्या घरांमधून बहिणींची हक्कसोडपत्रं काही थांबलेली नाहीत. भावाने वेदीजवळ उभं राहून प्रार्थना करायची आणि बहिणीने ‘माहेर टिकावं’ म्हणून सही करायची, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता त्याबद्दल मला गप्प राहवत नाही. अण्णांनी बहिणीला सांगितलं, सोसायटीचं कर्ज काढायचंय, त्याला तुझी संमती लागते. तालुक्याला दुय्यम निबंधकाकडे नेलं आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली.

‘आदल्या रात्री मी गुडघ्यावर होतो,’ ते म्हणाले. ‘पाप कबूल केलं तर तो क्षमा करायला विश्वासू आहे, हे पहिल्या योहानातलं वचन मला तोंडपाठ. त्याच भरवशावर निजलो. म्हणजे पाप करायच्या आधीच क्षमेची सोय करून ठेवली. याला अजाणतेपणी केलं म्हणाल का?’

‘नंतर क्षमा मागितलीत?’

‘रोज.’

‘आणि रान?’

‘रानात ऊस होता.’

हे ओझं त्यांनी वर्षानुवर्षं कसंबसं वागवलं होतं. मग एका घरसभेला शेजारच्या तालुक्यातून एक तरुण प्रचारक आला. त्याने नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्र’ या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायातलं सव्विसावं वचन घेतलं: सत्याचं ज्ञान झाल्यावर जो जाणूनबुजून पाप करत राहतो, त्याच्यासाठी पापाचा यज्ञ उरलेला नाही. अण्णा त्या दिवसापासून प्रभुभोजन घेईनासे झाले. उलट त्यांचा थोरला मुलगा मोबाइलवर दिवसभर उपदेश ऐकणारा. त्याचं एकच पालुपद: एकदा तारण झालं ते कायमचं, बाबा उगाच जिवाला लावून घेतात. एकाच घरात दोन टोकं, आणि मधे खाटेवर हा माणूस.

सेमिनरीत आम्हाला हा वाद परीक्षेच्या प्रश्नासारखा शिकवला. नेदरलँड्समधल्या डॉर्टची धर्मसभा, १६१८-१९: देवाने निवडलेले अखेरपर्यंत टिकतात. मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक वेस्ली: विश्वासणारा पडू शकतो, कृपा गमावू शकतो. दहा गुणांसाठी दोन्ही बाजू लिहायच्या. खाटेशेजारी बसलात तर काय बोलायचं, हे कुणीच शिकवलं नाही. आमची तर गंमत नाही, अडचण आहे: नगरला १८३१ मध्ये आलेले अमेरिकन मिशनरी काँग्रिगेशनल पंथाचे, कॅल्विनच्या म्हणजे डॉर्टच्याच वळणाचे. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं त्यात ती परंपरा आली आणि वेस्लीला मानणारे मेथडिस्टही आले. एकाच मंडळीत दोन्ही वारसे आहेत आणि बसून त्यावर बोलणारं कुणी नाही.

माझं मत विचाराल तर दोन्हीकडचे आजचे प्रचारक आपापल्या वडीलधाऱ्यांचं अर्धंच वाचतात. डॉर्टच्या त्याच निर्णयांत लिहिलंय की दावीद आणि पेत्र यांच्यासारखे विश्वासू घोर पापात पडू शकतात, पवित्र आत्म्याला दुखवतात, विवेक घायाळ करून घेतात आणि पश्चात्तापाने वाटेवर परत येईपर्यंत कृपेची जाणीव हरवून बसतात. ‘काळजी नको’ असं तिथे कुठेच नाही. आणि वेस्लीने पडलेल्यांसाठी मुद्दाम प्रवचन लिहिलं ते हे सांगायला, की जाणूनबुजून पडलेलेसुद्धा पुन्हा उभे राहिलेले आपण पाहिले आहेत. ‘दार बंद झालं’ असं त्यानेही म्हटलं नाही. रोमन कॅथलिक बांधवांची मांडणी याहून सरळ आहे. बाब गंभीर, पूर्ण जाणीव, पूर्ण संमती, की ते मरणप्राय पाप. त्याने कृपा जाते, हे ट्रेंटच्या धर्मसभेने १५४७ मध्ये ठरवलं. अण्णांचं पाप तिन्ही कसांना उतरलं असतं. पण त्यांच्याकडे परतीची वाटही आखलेली आहे: धर्मगुरूपुढे कबुली, आणि लुबाडलेलं परत करणं. आम्ही प्रॉटेस्टंटांनी कबुली देवाच्या आणि माणसाच्या मधे ठेवली. ते मला मान्यच आहे. मात्र तिसरा माणूस, ज्याचं गेलं तो, आमच्या बोलण्यातून पार निसटला.

हे सगळं मी अण्णांना सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र सांगितली. सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला की प्रत्येकाने देवतांना बळी वाहायचा आणि तसा दाखला घ्यायचा. असे दाखले इजिप्तमध्ये सापडलेत. काही ख्रिस्ती लोकांनी बळी वाहिला. काहींनी तो न वाहता नुसता खोटा दाखला मिळवला. पूर्ण शुद्धीत, विचार करून. छळ ओसरल्यावर प्रश्न आला, यांना परत घ्यायचं का? रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्या धर्मसभेने २५१ मध्ये ठरवलं की एकेकाची चौकशी करायची, आणि खोटे दाखले घेणारे पश्चात्ताप करत असतील तर त्यांना सामावून घ्यायचं. अण्णा शिक्षक. ते पटकन म्हणाले, ‘म्हणजे कागदाचं पाप जुनंच आहे.’

मग इब्री पत्र उघडलं. तिथलं सव्विसावं वचन मी सौम्य केलं नाही. ते ‘आपण’ म्हणतं, विश्वासणाऱ्यांनाच म्हणतं. पण त्याच्या आधी एकत्र जमणं सोडून देणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि एकोणतिसाव्यात त्या पापाचं वर्णन आहे: देवाच्या पुत्राला पायाखाली तुडवणं, त्याचं रक्त अपवित्र मानणं. छळाला कंटाळून ख्रिस्ताकडे पाठ फिरवू पाहणाऱ्यांना दिलेला तो इशारा आहे. मी विचारलं, ‘अण्णा, तुम्ही त्याच्या रक्ताला क्षुल्लक मानता?’ त्यांनी रुमालातली भाकर दाखवली. ‘मानत असतो तर ही अशी धरून बसलो असतो का?’

‘मग आता लेवीय सहा ऐका.’

लेवीय हे जुन्या करारातलं नियमशास्त्राचं पुस्तक. त्याच्या सहाव्या अध्यायातला हा उतारा प्रवचनात कुणी घेत नाही. शेजाऱ्याला फसवलं, ठेव दाबली, लुबाडलं, वर खोटी शपथ वाहिली, तर काय करायचं ते पहिल्या सात वचनांत आहे. यातलं एकही पाप चुकून होत नाही. तरी नियमशास्त्राने त्याला दोषार्पण, म्हणजे दोष फेडायचं अर्पण, दिलेलं आहे. त्यासोबत आणखी एक अट आहे: घेतलेलं पुरतं परत करायचं, वर पंचमांश घालायचा, आणि ज्याचं आहे त्याला द्यायचं. मी वाचून थांबलो.

अण्णांचा डावा हात फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या शिरेचा, तो उशीवर ठेवलेला. उजव्या हाताने त्यांनी डायलिसिसची वही ओढली. वजनं आणि रक्तदाबाच्या रकान्यांमागच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मांडलं: तीन एकर म्हणजे एकशेवीस गुंठे. निम्मे साठ. पंचमांश बारा. बहात्तर. खाली दोन रेघा मारल्या, शाळेत उत्तराखाली मारतात तशा.

मी तेव्हा जे बोललो ते शब्दशः लक्षात ठेवलंय, कारण पुढे त्यावरूनच माझ्यावर आरोप झाला. मी म्हणालो, ‘रान देऊन तारण विकत मिळत नाही. ते ख्रिस्ताने दिलंय. पण बहिणीचं रान कसत राहून क्षमा मागणं, याला पश्चात्ताप म्हणता येणार नाही.’

थोरला दारात उभा होता. ‘आत्याने स्वतः सही केलीय,’ तो म्हणाला. ‘रजिस्टर दस्त आहे. आणि बाबांच्या पापाची किंमत वधस्तंभावर भरून झालीय.’

अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. मला म्हणाले, ‘तिला फोन लावा.’

ती पिंपरीला असते. रुग्णालयात नर्स होती, आता निवृत्त. फोन स्पीकरवर होता. अण्णांनी आढेवेढे न घेता सांगितलं, कर्ज नव्हतं, मी तुला फसवलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ती म्हणाली, ‘दादा, सही करायच्या आधी कागद वाचायची सवय आहे मला. मी वाचला होता.’

‘मग केलीस का सही?’

‘नाही म्हटलं असतं तर माहेर तुटलं असतं. आई पण नव्हती.’

‘इतकी वर्षं बोलली नाहीस?’

‘तू बोलशील म्हणून.’ आणि मग, आवाज जराही न चढवता: ‘माफ मी केव्हाच केलंय. पण देत असशील तर नको म्हणणार नाही. ते माझंच आहे.’

क्षमा आणि हक्क या दोन्ही गोष्टी एका दमात इतक्या स्वच्छ मांडलेल्या मी कुठल्या व्यासपीठावरून ऐकल्या नाहीत.

बक्षीसपत्र करायचं तर मुलाच्या नावे ते दोनशे रुपयांच्या मुद्रांकावर होतं. बहिणीच्या नावे किमतीच्या टक्क्यांनी शुल्क लागतं. शिवाय तालुक्याला जायची अण्णांची स्थिती नव्हती. मृत्युपत्राला मात्र मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार पुरतात. अण्णांनी फुलस्केपवर स्वतःच्या हाताने लिहिलं. पहिली साक्ष शेजाऱ्याची, दुसरी माझी. प्रभुभोजन त्यांनी त्या दिवशीही घेतलं नाही. ‘ती येऊ दे,’ म्हणाले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात हाच क्रम आहे: अर्पण वेदीपाशी ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. ती दुसऱ्या दिवशी आली. मी ताजा रस नेला होता. दोघांनी एकापाठोपाठ पेला घेतला. काकूंनी तेवढे दोन चमचे त्या दिवसाच्या पाण्यातून वजा केले.

काही आठवड्यांनी अण्णा गेले.

मातीनंतर बहिणीने मृत्युपत्रावरून फेरफाराला अर्ज दिला. थोरल्याने हरकत घेतली. प्रकरण आता मंडळ अधिकाऱ्यापुढे आहे. हरकतीत लिहिलंय की पाळकाने आजारी माणसाला नरकाची भीती घालून लिहून घेतलं. आमच्या कमिटीतले दोघे मला म्हणाले, पाळकाने वचन सांगावं, जमिनीत पडू नये. लेवीय सहा हे वचन नाही तर काय आहे, असं मी विचारलं. त्यांनी विषय बदलला. ज्यांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर बहिणींची नावं नाहीत, त्यांच्याकडून मी वेगळी अपेक्षाही धरत नाही.

मला सतावतं ते वेगळंच. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी थोरला प्रभुभोजनाला पुढे येतो आणि मी त्याच्या तळहातावर भाकर ठेवतो. बापाने रडत नाकारलेली भाकर हा शांतपणे घेतो. बापाने जाणूनबुजून केलं आणि त्यापायी तो झिजला. मुलगा जाणूनबुजून करतोय आणि त्याला शांत झोप लागते, कारण तारण पक्कं आहे असं त्याला कुणीतरी शिकवलंय. इब्री पत्राचा तो इशारा या दोघांपैकी कुणासाठी होता? उत्तर मला दिसतं, पण ते उच्चारण्याचा अधिकार माझा आहे का, यावर माझं मन ठरत नाही. चारचौघांत भाकर नाकारली तर पुढचं सगळं तो हट्टाने करील, अशी भीती वाटते. देत राहिलो तर बहिणीने माझ्याकडे कोणत्या तोंडाने पाहावं?

मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे आधी एकट्याने त्याच्याकडे गेलो. त्याने पाणी दिलं, खुर्ची दिली. मी अण्णांच्या वहीतलं पान पुढे ठेवलं. त्याने ते वाचलं, परत केलं आणि विचारलं, ‘म्हणजे माझं तारण गेलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?’

मी म्हणालो, ‘तो निवाडा माझा नाही. आत्याचे साठ गुंठे तुझ्याकडे आहेत, एवढं मला ठाऊक आहे.’

तो उठला नाही, चिडलाही नाही. ‘बारा कशाचे?’ एवढंच विचारलं. मी लेवीय सहा काढून त्याच्यापुढे ठेवलं आणि तो वाचेपर्यंत बसून राहिलो. उत्तर त्याने अजून दिलेलं नाही. सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. साक्षीदार म्हणून मी जाणार आहे, कमिटीला आवडो न आवडो. त्याआधी पुन्हा एकदा त्याच्या घरी जायचंय, या वेळी मंडळीतल्या दोन वडीलधाऱ्यांना घेऊन. एकजण तयार झालाय. दुसरा शोधतोय.