'फास्ट' म्हणजे फक्त 'जलद' नव्हे

मुंबईत राहणाऱ्याला 'फास्ट'चा अर्थ लोकल शिकवते. त्यातही हे 'फास्ट' वेगावर कमी आणि थांब्यांवर जास्त ठरतं. चर्चगेटहून सुटलेली विरार फास्ट बोरिवलीपर्यंत मधली बरीच स्टेशनं गाळते, पुढे साधारणपणे सगळीकडे थांबते, तरी नाव फास्टच. घोषणेत 'जलद लोकल' ऐकून ऐकून फास्ट म्हणजे जलद हे डोक्यात घट्ट बसतं, आणि इंग्रजी बोलताना तिथेच घोळ होतो.

सगळ्यात मोठा घोळ आपल्या 'लवकर'मुळे. "उद्या लवकर ये", "लवकर बरा हो", "लवकर लवकर चाल" या तिन्ही ठिकाणी मराठीत एकच शब्द चालतो. इंग्रजीत मात्र पहिल्याला 'अर्ली', दुसऱ्याला 'सून' आणि फक्त तिसऱ्याला 'फास्ट'. "कम फास्ट टुमारो" म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, उद्या वेगात ये. आठऐवजी साडेसातला ये, हे त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

'क्विक'शीही गल्लत होते. धावणाऱ्या गोष्टीचा वेग सांगायचा तर फास्ट: फास्ट बोलर, फास्ट कार. थोडक्या वेळात उरकणाऱ्या कामाला क्विक: क्विक लुक, क्विक रिप्लाय. आणि 'फास्टली' कृपा करून लिहू नका. आजच्या प्रमाण इंग्रजीत तो शब्द नाही. "शी रन्स फास्ट" एवढंच पुरतं.

जुन्या इंग्रजीत 'फास्ट'चा अर्थ होता घट्ट, पक्का. 'घट्ट'वरून 'जोर लावून', 'जोर लावून'वरून 'वेगाने', असा तो सरकत गेला. आपलं 'जोरात' बघा ना: "दोर जोरात ओढ" आणि "जोरात पळ". उपवासाचा 'फास्ट'ही त्याच मुळाचा, नेमाला घट्ट धरून राहण्याचा. म्हणून भाऊच्या धक्क्यावर दोराने बांधून ठेवलेली लाँच जागची हलत नसली, तरी इंग्रजीत ती 'मेड फास्ट'. गाढ झोपलेलं मूल 'फास्ट अस्लीप'. पण गाढ झोप मात्र 'डीप स्लीप', 'फास्ट स्लीप' नाही.

हा जुना अर्थ आजही रोज कामाला येतो तो कापडात. दादरच्या हिंदमाता कापडबाजारात दुकानदार "कलर फास्ट आहे" म्हणतो तेव्हा रंग पक्का आहे, जाणार नाही, असं तो सांगत असतो. घरी पारखायचं तर पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा आणि कापडाच्या आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. कोरड्या रुमालाने घासून भागत नाही. वर राहिलेला रंग ओल्याने जास्त सुटतो. गडद लाल, गडद निळा यांची परीक्षा तर घ्याच. रुमालावर छटा आली तर ते कापड गार पाण्यात वेगळं धुवा. रुमाल स्वच्छ निघाला, तरी रंग उन्हालाही पक्का आहे असं समजू नका. त्या दोन गोष्टी वेगळ्या, म्हणून वाळत घालताना उलटं करून सावलीत घाला.

राहिलं घड्याळ. "फाइव्ह मिनिट्स फास्ट" म्हणजे पाच मिनिटं पुढे. १९५५ पर्यंत मुंबईत चाललेला 'बॉम्बे टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे होता. त्या हिशेबाने प्रमाणवेळेचं घड्याळ ३९ मिनिटं फास्ट. तुमचं घड्याळ पाच मिनिटं फास्ट असेल आणि त्यात ८.१५ दिसत असतील, तर खरे ८.१० झालेत. ८.१२ची लोकल अजून मिळेल.