मेलेल्या लॅपटॉपची जागा

दुपारी नव्या लॅपटॉपवर लिहिण्याचा नेहमीचा प्रोग्रॅम टाकायला घेतला, तर म्हणे मर्यादा संपली, आधी एक जुना संगणक मोकळा करा. यादी उघडली. पहिलंच नाव ज्याचं, त्याचा मदरबोर्ड कधीच जळलाय. आणि मोकळा करायचा तर त्याच्यावरूनच साइन आउट करायचं! मेल्यावरही जागा अडवून बसलाय पठ्ठ्या. लिहिणारा मी एकटा, हात दोनच. पण कंपनी माणसं मोजत नाही, यंत्रं मोजते.

लहानपणी वेगळीच गंमत होती. गेमची कॉपी करणं सोपं. ड्राइव्ह एकच, त्यामुळे फ्लॉप्या आत-बाहेर करत बसायचं, एवढंच. पण गेम सुरू होताच दरडावून विचारायचा, माहितीपुस्तिकेच्या अमुक पानावर तमुक ओळीतला तिसरा शब्द कोणता? पुस्तिका मित्राची, उद्या परत द्यायची. मग दादा वाचायचा आणि मी वहीत उतरवायचो. मूळ ओळ जिथे तुटते तिथेच तोडायची, नाहीतर तिसरा शब्द चुकलाच. गृहपाठ इतक्या निष्ठेनं कधी केला नाही. याला चोरी म्हणावी, तर चोराची बोटं इतकी दुखतात का? गेम पुढे फारसा खेळलोच नाही. वही मात्र बरीच वर्षं जपली.

बिल गेट्सनं १९७६ मध्येच संगणकवेड्यांना उघडं पत्र लिहून सुनावलं होतं, की तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरता. त्याचंही खरंच, अल्टेअर या सुरुवातीच्या घरगुती संगणकासाठी बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा लिहायला मेहनत पडली होती, आणि लोक ती ज्यांवर साठवलेली असे त्या छिद्रांच्या कागदी पट्ट्यांच्या नकला वाटत होते. पण मला आवडतो तो बोरलँडचा जुना परवाना. टर्बो पास्कल हे प्रोग्रॅम लिहायचं साधन विकणारी कंपनी ती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: हे पुस्तकासारखं वापरा. कितीही जणांनी वापरा, या संगणकावरून त्या संगणकावर न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालता कामा नये. असा परवाना मी शेवटपर्यंत वाचला असता. बाकीच्यांना मी, सगळ्यांसारखाच, न वाचता ‘सहमत आहे’ म्हणत आलोय.

मुलगी मागे उभी राहून हे सगळं बघत होती. म्हणाली, “बाबा, तुझे हे विकत घेतलेले प्रोग्रॅम नंतर माझे होणार ना?”

“नाही गं. हस्तांतरणीय नाही, असं लिहिलंय.”

“मग पासवर्ड कुठेतरी लिहून ठेव.”