जावळ काढलं आणि लेकीचे केस परत आलेच नाहीत – माझा अनुभव

माझ्या लेकीचं जावळ आम्ही वणीच्या गडावर काढलं. तेव्हा ती ११ महिन्यांची होती, चैत्राचे दिवस, आमच्या चोपड्याकडची माणसं त्या वेळी पायी गडावर निघतात, आम्ही लेकरू लहान म्हणून गाडीने गेलो, मामाच्या म्हणजे माझ्या भावाच्या मांडीवर बसवलं, न्हाव्याने वस्तरा फिरवला, ती रडून रडून झोपली. आज ती ६ वर्षांची आहे आणि त्या दिवसानंतर तिच्या डोक्यावर केस आला नाही. आम्हाला खरं कारण कळायला ४ वर्षं लागली, ती कशी गेली ते सगळं लिहिते, कारण आपल्याकडे जावळानंतर केस न आलेलं लेकरू घेऊन अजून कोणीतरी आई नक्की बसलेली असणार.

पहिले दोन-तीन महिने सगळे म्हणायचे येतील, उशिरा येतात पण दाट येतात. मग एरंडेल झालं, कांद्याचा रस झाला, कोणीतरी सांगितलं परत एकदा वस्तरा फिरवा, तर तेही केलं, नुसत्या गुळगुळीत डोक्यावर. भुवया पण विरळ होत चालल्या होत्या. शेजारच्या आजी रोज ओट्यावरून विचारायच्या, "पोरले केस काबर येत नहीत व माय?" त्या काळजीनेच विचारायच्या पण मला घरात जाऊन रडू यायचं. कोणी म्हणे वस्तरा खराब होता, कोणी म्हणे नवसात काही राहिलं, कोणी म्हणे पोटात होती तेव्हा हिने नीट खाल्लं नाही. हे शेवटचं मला सगळ्यात जास्त लागायचं, कारण मी खरंच लोहाच्या गोळ्या मळमळ होते म्हणून अर्ध्या टाकून दिल्या होत्या आणि ते फक्त मलाच माहीत होतं.

पहिल्या डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले चाई आहे, पूर्ण डोक्याला पसरलीय. मग स्टेरॉइडचं लोशन, मग स्टेरॉइडचं सिरप. सिरपने चेहरा सुजल्यासारखा गोल झाला, भूक इतकी की रात्री उठून भाकर मागायची. मग डोक्यात इंजेक्शनं, बारीक सुईची, एका वेळी कितीतरी टोचायची, मी तिचे हात धरून ठेवायची आणि मिस्टर बाहेर जाऊन उभे राहायचे. दीड वर्ष हे चाललं. त्याच काळात तिच्या गालावर, कोपरावर आणि गुडघ्यांवर बाजरीच्या दाण्याएवढ्या पांढुरक्या पुटकुळ्या यायला लागल्या. मी दाखवल्या तर उत्तर मिळालं घामोळं आहे, पावडर लावा. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे ४४-४५ डिग्री, त्यामुळे मलाही ते पटलं. पण पावसाळा आला, दिवाळी झाली, थंडी पडली तरी ते घामोळं काही जाईना.

शेवटी भावाने जळगावला एका स्किनच्या मॅडमचं नाव सांगितलं. मॅडमनी तिची टोपी काढली सुद्धा नाही आधी. फ्रॉकची बाही वर केली, कोपर बघितलं, मग गुडघा, त्या दाण्यांवरून बोट फिरवलं, आणि मग विचारत गेल्या. उन्हाळ्यात हिला घाम येतो का? दात वेळेवर आले का, टोकदार आहेत का? नखं कशी आहेत? घाम भरपूर यायचा, दात छान, नखं चांगली. मॅडम म्हणाल्या मग घामाच्या ग्रंथी आणि दात ज्यात बिघडतात तो आजार नाही हा. पापण्या आहेत ना, हे त्यांनी स्वतःच बघून लिहून घेतलं. मग पाय सरळ आहेत का बघितलं, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज असे टेस्ट लिहिले आणि मनगटाचा एक्स-रे, कारण व्हिटॅमिन डी चा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं ते व्हिटॅमिन पकडणारं प्रोटीन, बिघडला तरी असंच टक्कल पडतं पण त्यात हाडं मऊ पडतात, मुडदूस होतो. ते सगळं नॉर्मल आलं. आणि मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तुमचं दोघांचं लग्नाआधी काही नातं होतं का?"

होतं. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. मिस्टरांनी मामाची मुलगी केली, आमच्यात होतं असं, आणि आत्याने तर मी पाळण्यात होते तेव्हाच सांगून ठेवलेलं होतं की ही माझी सून. त्या दिवशी आत्या आमच्यासोबतच केबिनमध्ये बसलेली होती. ती काही बोलली नाही, फक्त पदर सारखा करत राहिली.

डोक्याच्या कातडीचा बारीक तुकडा काढून बायोप्सी झाली. रिपोर्टात होतं की पूर्ण वाढलेली केसांची मुळंच नाहीत, त्या जागी केराटिनने भरलेल्या बारीक गाठी आहेत, गालावरचे दाणे म्हणजे पण तेच. मॅडम रावेरकडच्या, केळीच्या घरातल्या, त्यांनी मिस्टरांना जे समजावलं ते मी कधी विसरणार नाही. म्हणाल्या, केळीचा घड कापला की झाड संपतं पण जमिनीत कंद असतो, त्याला पील फुटतं आणि पीलबाग उभी राहते. केसाचं तसंच आहे. पहिला केस गळतो, मूळ आक्रसून वर सरकतं, पण त्याच्या तळाची पॅपिला नावाची गाठ त्याला धरून वर आली तरच पुढचा केस फुटतो. हिच्यात पहिली लागवड बरोबर झाली, म्हणून जन्मतः केस होते. ते गळताना कंद खालीच सुटून राहिला. आता वरून कितीही खत-पाणी घाला, पील येणार कशाला? "वस्तऱ्याने काही झालेलं नाही, जावळ काढलं नसतं तरी हे केस गळणारच होते." मला तेव्हा आठवलं की ती ६ महिन्यांची असतानाच तिच्या उशीवर केस दिसायचे आणि आम्ही म्हणायचो झोपून झोपून घासले जातात.

खात्री करायला जीन टेस्ट सांगितली, एक्झोम सिक्वेन्सिंग. जांभळ्या बुचाच्या नळीत तिचं थोडंसं रक्त, आमचं दोघांचं पण, कुरिअरने मोठ्या लॅबला. २२ हजार गेले, केळीचे पैसे नुकतेच हातात आलेले म्हणून जमलं. ५ आठवडे वाट बघितली. रिपोर्ट आला त्यात लिहिलेलं: एचआर जीन, होमोझायगस. आजाराचं नाव अॅट्रिकिया विथ पॅप्युलर लिजन्स, म्हणजे केस नसणं आणि सोबत असे दाणे. होमोझायगस म्हणजे बिघडलेली कॉपी तिला दोन्हीकडून मिळाली, आम्हा दोघांकडे एकेक, आमच्याकडे दुसरी चांगली म्हणून आमचे केस व्यवस्थित.

माझा भाचा बायोटेकमध्ये एमएस्सी करतो, त्याने रात्री जेवण झाल्यावर सगळ्यांना बसवून तो रिपोर्ट वाचून दाखवला. एचआर म्हणजे हेअरलेस. हा जीन ८ नंबरच्या क्रोमोसोमवर असतो, नाव उंदरांवरून पडलं, पहिले केस नीट येऊन मग पूर्ण गळून जाणारे उंदीर १९२० च्या दशकात लंडनमध्ये सापडले होते. माणसातला बिघाड १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत अँजेला क्रिस्टियानो यांच्या टीमने शोधला, तेही पाकिस्तानातल्या एका कुटुंबात, जिथे नात्यात लग्नं होती. त्या बाईंना स्वतःला चाईचा त्रास झालेला आहे म्हणे. हे ऐकून मला का कोण जाणे बरं वाटलं.

मग आत्याने विचारलं, "पण हे करतं काय रे?" भाचा म्हणाला, आजी, पेशीतला डीएनए मोकळा पडलेला नसतो, हिस्टोन नावाच्या प्रोटीनभोवती गुंडाळलेला असतो. त्या हिस्टोनवर बारीक रासायनिक खुणा असतात. एच-थ्री हिस्टोनवर ९ नंबरच्या जागी मिथाइलची खूण असली की तिथला जीन साधारण बंद राहतो. एचआर हे एन्झाइम ती खूण काढून टाकतं. आधी बरीच वर्षं वाटायचं की हे फक्त व्हिटॅमिन डी च्या रिसेप्टरला चिकटून दुसरे जीन दाबून ठेवतं, खूण काढण्याचं काम २०१४ मध्ये दाखवलं गेलं. केस परत उगवायला जो सिग्नल लागतो त्याला अडवणारं एक प्रोटीन असतं, वाइज नावाचं, एचआर त्याला दाबतं, मग वाट मोकळी होते. आणि हे जास्त झालं तरी नुकसानच, एचआर जरुरीपेक्षा जास्त बनल्याने केस आधी राठ होऊन मग जाणारा दुसराच आजार आहे, तो २००९ मध्ये कळला.

तो सहज बोलून गेला की या जातीच्या एन्झाइमला काम करायला लोह लागतं. माझ्या पोटात धस्स झालं. मी त्याला बाजूला बोलावून विचारलं, मी गोळ्या टाकल्या होत्या रे, त्यामुळे तर नाही ना? तो म्हणाला मामी नाही, लोह कितीही असलं तरी एन्झाइमच जर अर्धवट बनतंय तर ते लोह धरणार कुठे, हा बिघाड ती पोटात यायच्या आधीपासून तुमच्या दोघांच्या रक्तात आहे. ५ वर्षं मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री मिस्टरांना सांगितलं.

आत्याचं मात्र उलटं झालं, माझं ओझं उतरलं आणि तिच्यावर चढलं. दोन दिवस नीट जेवली नाही, "मनंच चुकनं व माय" एवढंच म्हणायची, कारण लग्न तिने जमवलं. काउन्सेलिंगला तिला मुद्दाम घेऊन गेलो. तिथल्या ताईंनी कागदावर झाड काढून दाखवलं, की ही कॉपी बहुतेक तुमच्या आई किंवा वडिलांकडून तुम्हा बहीण-भावाला आली, तुम्हाला कळायचा काही मार्गच नव्हता. पुढच्या प्रत्येक लेकराला ४ मध्ये १ चान्स आहे, आणि दुसरं मूल पाहिजे असेल तर दिवस राहिल्यावर ११ व्या आठवड्यापासून तपासणी करता येते. आत्याने तो कागद घडी घालून स्वतःच्या पाकिटात ठेवला.

औषध नाही यावर. हे स्पष्ट लिहिते कारण पैसे आणि लेकराचं बालपण दोन्ही वाचतं. आमचं सिरप-इंजेक्शन तर जळगावच्या पहिल्याच भेटीनंतर टप्प्याटप्प्याने कमी करून बंद झालं, सूज उतरली. उन्हात टोपी आणि सनस्क्रीन, दाणे फोडायचे नाहीत, एवढंच. बाकी ती धडधाकट आहे, शाळेत पळण्यात पहिली येते. बाईंना भेटून वर्गात टोपीची परवानगी घेतली, बाईंनी मुलांना नीट समजावून सांगितलं. आत्या स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांच्या टोप्या शिवते, आत शिवण टोचू नये म्हणून काठ बाहेरून वळवते, लेकीकडे आता अशा ९ आहेत.

एक सांगते, तुमच्या लेकराचे केस पहिल्या वर्षात जाऊन परत आले नाहीत आणि वर्ष-दोन वर्षांनी गालावर, कोपरावर, गुडघ्यावर असे दाणे आले, तर स्टेरॉइड सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते दाणे दाखवा आणि जीन टेस्टबद्दल विचारा. माझ्या लेकीला त्या सुया लागल्या नसत्या तर चाललं असतं.

गेल्या महिन्यात धाकट्या दिरासाठी माझ्या चुलत बहिणीचा विषय निघाला, काकांची खूप इच्छा होती. आत्याने कोणाला न विचारता मोबाइल घेतला, काकांना कॉल लावला आणि म्हणाली, "पोरगी मनी हाय, पण पहिले दोन्हीस्नं रक्त तपासा, मंग दखूत." दिराचं रक्त देऊन झालंय, बहिणीचं मंगळवारी दिलं. रिपोर्ट अजून यायचेत.