व्याळ, स्वार आणि समासातला एक शब्द

समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला होता : ‘माध्यम?’

त्या एका शब्दानं माझा अख्खा पावसाळा खाल्ला. कथा छापून येऊन आता सहा महिने झाले, तरी तो शब्द आठवला की डोकं फिरतं. म्हणून एकदाचं लिहून टाकते. दिवाळी अंकाला विज्ञानकथा पाठवायची असेल आणि तिच्यात एखादा जगात नसलेला प्राणी असेल, तर निदान तुमचा तरी पावसाळा वाचेल.

माझी कथा ड्रॅगनची. स्वाराशी मनानं जोडलेला, तोंड न उघडता त्याच्याशी बोलणारा ड्रॅगन. कथेत मी त्याला व्याळ म्हटलंय, कारण आपल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर तो केव्हाचा उभा आहे, कधी कधी पाठीवर स्वार घेऊन. संपादक म्हणाले, ‘‘ताई, सरळ ड्रॅगन म्हणा की. मुलांना पटकन कळतं.’’ मी म्हटलं, मुलांना व्याळही कळेल. एवढा एक मुद्दा मी पहिल्या फोनमध्ये जिंकले. नंतर जिंकण्यासारखं बराच काळ काही घडलं नाही.

कल्पना सुचली सासरच्या पोफळीच्या बागेत. सावंतवाडीच्या खाली, गोव्याच्या अंगाला, उडता सरडा दिसतो. झाडाला चिकटून बसला की सालीचाच तुकडा. मग गळ्याखालची पिवळी पिशवी दोनदा हलवतो आणि लांबलेल्या बरगड्यांवरची कातडी छत्रीसारखी उघडून तरंगत पुढच्या पोफळीवर जातो. वीतभर जनावर. त्याला मोठं केलं की झाला व्याळ, असं मला वाटलं होतं.

कथा जूनअखेर पाठवली, बारा दिवसांत होकार आला. (युनिकोडमध्येच पाठवा. माझी पहिली फाइल जुन्या फॉन्टमधली होती, ती त्यांच्याकडे नुसत्या चौकोनांची उघडली.) होकारासोबत मागणी होती : प्राण्याचं दोन पानांचं ‘शास्त्रीय टिपण’ द्या, आमचे सर तपासतील. सर म्हणजे प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, संपादकांचे जुने स्नेही. पत्रव्यवहार पोस्टानं. ईमेलवर ते वाचत नाहीत.

पहिल्या फेरीत शरीराचा निकाल लागला. चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे सहा अवयव. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांना चारच असतात. म्हणून पुढचे पाय गेले, त्यांचेच पंख झाले. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, वजन मात्र आठपट, त्यामुळे सरडा फुगवून व्याळ होत नाही. मग मी केत्झाल्कोअॅट्लसचा आधार घेतला. डायनोसॉरांच्या काळातला हा उडता सरपटणारा प्राणी पंख पसरले की साधारण दहा मीटर भरायचा, आणि त्याचं वजन दोनशे-अडीचशे किलोच्या आसपास असावं असा अंदाज आहे. त्याच्या पाठीवर धिप्पाड योद्धा चालणार नव्हता. माझा स्वार त्या दिवशी बारा वर्षांची काटकुळी मुलगी झाला, आणि खरं सांगायचं तर कथा तिथेच सुधारली. आगीसाठी बॉम्बार्डियर भुंगेऱ्याचं उदाहरण दिलं. तो पोटात दोन रसायनं वेगवेगळी ठेवतो आणि वेळ आली की एकत्र करून उकळता फवारा मारतो. सरांनी समासात लिहिलं, ‘फवारा चालेल. ज्वाळा नको.’ नको तर नको.

दुसरी फेरी नात्याची. व्याळाचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं, पहिल्यांदा दिसेल त्या माणसाला जन्माचं चिकटतं, असं मी लिहिलं होतं. प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणाऱ्या कोन्राड लोरेन्झच्या मागे हंसांची पिल्लं चालत जायची तसं. १९७३चं नोबेल मिळालेला माणूस, त्याच्यावर कोण बोट ठेवणार? सरांनी ठेवलं. लोरेन्झनं हातावर वाढवलेल्या एका जॅकडॉनं, म्हणजे छोट्या युरोपी कावळ्यानं, मोठं झाल्यावर त्याच्याशीच प्रियाराधन सुरू केलं होतं आणि अळ्या आणून त्याच्या कानात कोंबल्या होत्या. ‘तुमचा व्याळ वयात आल्यावर त्या मुलीच्या कानात काय घालणार?’ असा प्रश्न होता. मी घरात एकटीच मोठ्यानं हसले. उपाय मगरीकडे सापडला. मगरीची पिल्लं अंडं फुटण्याआधी आतूनच आवाज देतात आणि तो ऐकून आई माती उकरते. माझी मुलगी त्या आतल्या हाकेला ओ देते. पण बाहेर आल्यावर पिल्लू राहतं भावंडांतच, म्हणजे आपण व्याळ आहोत हे ते विसरत नाही. या उत्तराला बरोबरची खूण मिळाली.

आणि त्याच पानावर खाली, ‘ते दोघे मनानं बोलू लागले’ या ओळीशेजारी : ‘माध्यम?’

मला आधी कळलंच नाही. फोन केला. सर म्हणाले, ‘‘अहो, निरोप एकीकडून दुसरीकडे जायचा तर मधे काहीतरी हवं ना? हवा, पाणी, प्रकाश, वास. तुमचा निरोप कशातून जातो?’’

‘‘सर, मनातून.’’

‘‘मन हे माध्यम नव्हे,’’ म्हणाले, आणि जेवायला बसतोय सांगून फोन ठेवला.

मग मी अभ्यासाला लागले. हान्स बर्गर हा जर्मन डॉक्टर सापडला तेव्हा वाटलं, झालं काम. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफेच्या गाड्याखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला ‘भावाचं काहीतरी बरंवाईट होतंय’ असं वाटलं, आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. बर्गरच्या डोक्यातून ते गेलं नाही. मनातला निरोप कसा पोचतो हे शोधायला तो मेंदूच्या मागे लागला, आणि त्यातूनच माणसाच्या मेंदूतल्या विद्युतलहरींची पहिली नोंद झाली. १९२४ साली केली, १९२९ साली छापली. आज दवाखान्यात जो ईईजी काढतात तो हाच. स्वार, पडणं, न बोलता पोचलेला निरोप : माझ्या कथेसाठीच जणू! तीन पानं लिहून पाठवली. आषाढ होता, पोस्टाला नऊ दिवस लागले.

उत्तर आलं ते माझ्याच पानांच्या मागच्या बाजूला. सरांनी हिशोब मांडला होता. डोक्याच्या कातडीवर या लहरी भरतात पन्नासेक मायक्रोव्होल्ट. घड्याळातल्या पेन्सिल सेलचा दीड व्होल्ट घेतला तर त्याचा तीस हजारावा भाग. तेवढ्या टिपायलाही डोक्याला जेल लावून तारा चिकटवाव्या लागतात. ‘बर्गरला ईईजी सापडला, टेलिपथी सापडली नाही. माध्यम?’

प्रश्नचिन्ह या खेपेला दोनदा गिरवलं होतं.

मी विजेच्या माशांकडे गेले. ते स्वतःभोवती विद्युतक्षेत्र तयार करतात, त्यातून एकमेकांना ओळखतात. सरांचं पोस्टकार्ड : ‘ते पाण्यात. तुमचा व्याळ हवेत आहे. हवा वीज वाहून नेत नाही.’ मग मी चिडून वासावर एक पान लिहिलं. त्यावर ‘वारा उलटा असेल तर?’ एवढंच. श्रावण निम्मा झाला होता. संपादकांचा फोन, ‘‘ताई, छपाईचे फॉर्म लावायला घेतोय. सरांचं झालं का?’’ म्हणजे उशीर मी करत होते! मी म्हटलं, परी असती तर माध्यम विचारलं असतं का? ते म्हणाले, ‘‘परी असती तर कथा बालविभागात गेली असती.’’

त्या रात्री कथा मागे घ्यायचा ईमेल लिहूनही ठेवला. पाठवला नाही, कारण दुसऱ्या दिवशी मामाकडे जायचं होतं.

मामाचं गाव दोडामार्ग तालुक्यात, तिलारीच्या वरच्या अंगाला. तिथे गेली वीसेक वर्षं रानहत्ती उतरतात. केळीची बाग एका रात्रीत झोपते. मामा ओट्यावर बसून सांगत होता, की हत्ती जवळ आलेला त्याला कानाआधी अंगाला कळतो. ‘‘आयकूक येवच्या आदी छातीत घुमता गो,’’ म्हणाला.

मी हातातली कपबशी खाली ठेवली.

हत्तींचा खर्ज. कॅटी पेन या संशोधक बाईंना १९८४ साली पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींच्या पिंजऱ्याशी उभं असताना हवेत काहीतरी थरथरतंय असं जाणवलं होतं, आवाज मात्र ऐकू येत नव्हता. हत्ती एकमेकांशी बोलत होते, माणसाच्या कानाच्या पट्टीखाली. आपल्याला साधारण २० हर्ट्झच्या खालचं ऐकू येत नाही. हत्तींच्या काही हाका त्याहून खालच्या असतात आणि काही किलोमीटर जातात. व्याळ असाच बोलतो. मुलगी त्याच्या पाठीवर बसलेली असते, मांड्या त्याच्या बरगड्यांना लागलेल्या. तिला त्याचं बोलणं ऐकू येत नाही, मांड्यांमधून कळतं. लहानपणापासून कळत आल्यामुळे तिला वाटतं, हा आपल्याच मनातला विचार.

झाली अर्धी वाट. मुलीच्या मनातलं व्याळाला कसं कळतं, हे राहिलं होतं. त्याला घोडा धावून आला. शंभरेक वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा बेरजा-वजाबाक्या करून टाप आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञानं १९०७ साली उलगडा केला : प्रश्न विचारणाऱ्याला स्वतःला उत्तर माहीत नसेल तर घोडाही चुकायचा. घोडा गणित करत नव्हता, माणूस वाचत होता. आकडा बरोबर आला की समोरच्याची मान जी केसभर हलायची, ती पाहून थांबायचा. आणि स्वाराला नुसतं सांगितलं की आता पुढे छत्री फटकन उघडणार आहे, तर छत्री न उघडताही स्वाराच्या ठोक्यांबरोबर घोड्याचे ठोकेही वाढतात, असा अलीकडचा एक प्रयोग आहे. व्याळ मुलीचं मन वाचत नाही, तिची मांड वाचतो.

याची किंमत मोजावी लागली. मुलगी कैदेत आणि व्याळ डोंगरापलीकडे, तरी तिची हाक त्याला पोचते, हा माझा सगळ्यात लाडका प्रसंग गेला. तीन पानं. त्याचा खर्ज तिच्यापर्यंत पोचेल, तिची मांड त्याच्यापर्यंत पोचणार नाही. पण त्या जागी जे आलं ते मला आधी कधीच सुचलं नसतं : तुरुंगात तिला जमिनीतून त्याची थरथर कळत राहते आणि ओ देता येत नाही. शिवाय तिला जे ठाऊक नाही ते व्याळालाही कळू शकत नाही, म्हणून शेवटची चूक दोघं मिळून करतात.

या खेपेला मी पोस्टावर विश्वास ठेवला नाही. एसटीनं कोल्हापूर गाठून पाकीट सरांच्या हातात दिलं. (हे मी जुलैमध्येच करायला हवं होतं. परीक्षक पोस्टानं बोलणारा असेल तर पहिल्या फेरीनंतर सरळ जाऊन भेटा. भाडं परवडतं, पावसाळा परवडत नाही.) सरांनी माझ्यासमोर वाचलं. मधे एकदा चष्मा काढला, पुसला, परत लावला. शेवटच्या पानावर बरोबरची खूण केली आणि म्हणाले, ‘‘चहा घेणार?’’ एवढंच. मला वाटलं होतं, निदान ‘छान’ म्हणतील. चहा मात्र चांगला होता.

अजून एक राहिलं. मूळ कथेची प्रत जपून ठेवा, कारण चौथ्या फेरीपर्यंत कुठलं पान कुठल्या व्याळाचं हे तुम्हालाही कळेनासं होतं. आणि छापण्याआधीचं प्रूफ मागून घ्या. घाई आहे म्हणतील, तरी मागा. मी थकले होते, मागितलं नाही.

अंक वसुबारसेच्या आदल्या दिवशी हातात आला. चित्र सुंदर, व्याळाला पाय दोनच. चार दिवसांनी सरांचं पोस्टकार्ड आलं, त्यावर एक पान क्रमांक आणि एक ओळ. मी अंक उघडला. ज्या वाक्यासाठी दोन महिने घालवले, ते वाक्य असं छापलं होतं : ‘तिला त्याचं बोलणं ऐकू आलं नाही, मंड्यांमधून कळलं.’

पोस्टकार्डावर लिहिलं होतं, ‘माध्यम : भाजीबाजार?’