तिसरा व्हायचं नाही: सेफ्टी ट्रेनिंगचे पाच दिवस, माझा अनुभव

मी लोटे परशुराम एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे, त्याआधी नऊ वर्षं ऑपरेटर होतो. २०१९ ला प्रमोशनच्या आधी पाच दिवसांचं सेफ्टी ट्रेनिंग पूर्ण करून पास व्हायला लागलं, त्याबद्दल लिहितोय. आमच्याकडे ट्रेनिंग म्हटलं की हजेरीवर सही करायची, चहा घ्यायचा आणि प्लांटला परत, असंच बऱ्याच जणांना वाटतं आणि नवीन पोरं तर मोबाईल काढूनच बसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पण आधी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आधीच्या एका कंपनीत ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या, कलेक्शन टँकमधला पंप चोक झाला होता. झाकण उघडलं तेव्हा सडक्या अंड्यांचा वास आला, मग ठेकेदाराचा हेल्पर म्हणाला, "वास गेला आता, उतरतो." दहा-बारा फुटांची टाकी, खाली गुडघाभर गाळ. त्याने गाळात दोन पावलं टाकली आणि तो खाली बसला, दमलेला माणूस बांधावर बसतो ना तसाच. त्याच्या जोडीदाराने हाक मारली आणि ओरडतच शिडीवरून खाली गेला, तोही पडला. मी पुढे झालो, एक पाय शिडीवर टाकला पण, तेवढ्यात आमच्या फिटरमामांनी मागून कॉलर धरून मला असं खेचलं की शर्टाची दोन बटणं उडाली. "मेल्या, तिसरा व्हायचाय काय?" नंतर श्वासाचे सेट लावून फायरवाले उतरले. दुसरा वाचला, पहिला नाही. मामांवरचा राग माझ्या मनात कित्येक वर्षं होता, कोणाला बोललो नाही, पण वाटायचं की सोडलं असतं तर काढलं असतं मी त्याला.

तो राग ट्रेनिंगच्या दुसऱ्या दिवशी गेला.

पहिला दिवस भोपाळवर होता. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची रात्र, टाकीत साधारण ४० टन मिथाईल आयसोसायनेट हे विषारी केमिकल, त्यात पाणी शिरलं. शिकवणारे सर रिटायर्ड प्लांट मॅनेजर होते, त्यांनी फळ्यावर टाकी काढली आणि एकेक गोष्ट खोडत गेले, टाकी थंड ठेवणारं रेफ्रिजरेशन बंद, गॅस जाळून टाकणाऱ्या फ्लेअरची लाईन मेंटेनन्ससाठी काढलेली, गॅस धुऊन निकामी करणारा स्क्रबर तयार ठेवलेला नाही. शेवटी फळ्यावर फक्त टाकी उरली. आमच्याबरोबर आमचे प्लांट मॅनेजर साहेबही बाकावर बसले होते, सरांनी सगळ्यांसमोर त्यांना विचारलं, तुमच्या केबिनमधून विंडसॉक, वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी नळी, दिसतो का? साहेब थोडं थांबून म्हणाले, "नाही दिसत." पुढच्या आठवड्यात प्रशासकीय बिल्डिंगवर दुसरा विंडसॉक लागला, हे मला खूप आवडलं कारण तिथे साहेबांनी उगाच मान राखायचा प्रयत्न केला नाही.

दुसऱ्या दिवशी हायड्रोजन सल्फाइड. सर म्हणाले, थोडा गॅस असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास नाकाची वास घ्यायची ताकदच मरते, आणि त्याच्याही वर गेलं, ७०० ते १००० पीपीएम, तर काही श्वासांत माणूस पडतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाला साचतो, आणि गाळ ढवळला की अडकलेला गॅस एकदम सुटतो. मी पेन खाली ठेवलं. "वास गेला आता" हे त्या हेल्परचं वाक्य माझ्या कानात होतं. वास गेला नव्हता, त्याचं नाक गेलं होतं, आणि झाकणाजवळ उभे असलेल्या आम्हा चौघांनाही ते कळलं नव्हतं.

मग सरांनी आणखी एक आकडा सांगितला, अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेने १९८६ मध्ये लिहिलंय की बंदिस्त जागेत मरणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त हे वाचवायला गेलेले असतात. त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी मामांना फोन केला. ते गावाला असतात आता. काय बोलायचं सुचेना, मी फक्त म्हटलं, मामा, त्या दिवशी तुम्ही मला खेचलंत ना, ते बरं केलंत. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "जेवलास काय?"

तिसऱ्या दिवशी बीए सेट, म्हणजे विषारी जागेत श्वास घ्यायला स्वतःची हवा सोबत न्यायचा सेट. पाठीवर सिलेंडर, ३०० बार दाबाने हवा भरलेला, तोंडावर मास्क. दाढी असेल तर मास्क गालाला चिकटत नाही आणि बाहेरची हवा आत येते, त्यामुळे ज्यांची दाढी होती त्यांना सकाळीच काढून यायला लागलं. मास्क लावून हवा बंद करून श्वास ओढायचा, मास्क चेहऱ्याला चिकटला पाहिजे, चिकटला नाही तर पट्टे परत आवळायचे. अंधाऱ्या खोलीत भिंतीला हात लावत डमी, म्हणजे माणसाचा पुतळा, शोधायची होती. कागदावर ४५ मिनिटांचा सिलेंडर असतो पण घाबरलेला माणूस एवढे श्वास घेतो की माझा त्याच्या निम्म्यात संपत आला, साधारण ५०-५५ बारला शिट्टी वाजायला लागली, शिट्टी म्हणजे बाहेर निघ, डमी सापडली असो वा नसो. मला सापडली नव्हती. तसाच बाहेर आलो आणि फार जड गेलं ते. दुपारी परत पाठवलं तेव्हा श्वास मोजत गेलो, नाकाने हळू, आणि डमी काढली.

चौथ्या दिवशी कागदी काम, वर्क परमिट म्हणजे कामाची लेखी परवानगी, लॉकआउट म्हणजे मशीन बंद करून कुलूप लावणं, लाईनला ब्लाइंड टाकणं म्हणजे मधे बंद चकती घालून ती पूर्ण अडवणं. नुसता व्हॉल्व्ह बंद केला म्हणजे लाईन तोडली असं होत नाही, हे पन्नास वेळा ऐकलं. कारखाने कायदा १९४८ चं कलम ३६ सरांनी मराठीत समजावलं, आत जाणाऱ्याच्या अंगाला बेल्ट, बेल्टला दोरी आणि दोरीचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. मी तिथे एक गोष्ट मांडली की एसडीएस, म्हणजे केमिकलच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, इंग्रजीत असतं, सोळा भाग, आणि ड्रम उचलणारा हेल्पर कोण, तर ओडिशा नाहीतर उत्तर प्रदेशातून आलेला, तो काय वाचणार? त्यावर बरीच चर्चा झाली. शेवटी प्रत्येक ड्रमच्या जागेवर तीन ओळी मराठी आणि हिंदीत लावायचं ठरलं: काय आहे, अंगावर पडलं तर काय करायचं, काय मिसळायचं नाही. त्या ओळी लिहायचं काम मी मागून घेतलं.

पाचव्या दिवशी मॉक ड्रिल, क्लोरीनचा टोनर, म्हणजे मोठा आडवा सिलेंडर, लीक. मी इन्सिडेंट कंट्रोलर, म्हणजे जागेवर सगळ्यांना सूचना देणारा. सायरन झाला, टोनरजवळ डमी आडवी पडलेली दिसली आणि मी सरळ पळत सुटलो. इतकं सगळं शिकून, मामांना फोन करून, तरी पाय पळाले. सरांनी शिट्टी मारली, "इनचार्ज मेला. आता बॉडी दोन." कोणी हसलं नाही.

अर्ध्या तासाने परत. या वेळी उभा राहिलो. आधी विंडसॉक बघितला, शेपूट आमच्याकडे होतं, म्हणजे गॅस आमच्या अंगावर, म्हणून सगळ्यांना वाऱ्याला आडवं काढून वारा येतो त्या बाजूला नेलं. कंट्रोल रूमला कळवलं, असेम्ब्ली पॉइंटला हेडकाउंट घ्यायला सांगितला, दोघे सेट लावून आत आणि दोघे सेट लावून बाहेर तयार. डमी काढल्यावर अमोनियाचा बोळा फिरवून पांढरा धूर कुठे होतो ते बघितलं, म्हणजे लीक तिथे, आणि टोनर फिरवून लीक वरच्या बाजूला घेतला, कारण द्रव क्लोरीन बाहेर आला तर त्याचा साडेचारशे पटीने गॅस होतो, वरून निदान गॅसच येतो. लीकवर पाणी कोणीही मारलं नाही, त्याने भोक आणखी वाढतं. डमीकडे बघत नुसतं उभं राहायचं, ती तीन-चार मिनिटं मला त्या पाच दिवसांत सगळ्यात अवघड गेली.

लेखी परीक्षाही झाली, पास झालो.

साधारण दोन महिन्यांनी सेकंड शिफ्टला एक रिअॅक्टर आतून साफ करायचा होता. ऑक्सिजन मोजायचा मीटर मॅनहोलमधून सोडला, मधे २०.६ टक्के ऑक्सिजन, तळाला १९.१. नायट्रोजन मारलेला होता, तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्याला ना रंग ना वास. १९.५ च्या खाली मी सही करणार नव्हतो. मेंटेनन्सचे सुपरवायझर म्हणाले, "अहो पाच मिनिटांचं काम आहे, पोरगा तयार आहे." पोरगा खरंच बेल्ट लावून उभा होता, वीस-बावीस वर्षांचा. मी म्हटलं, ब्लोअर चालू ठेवा. चाळीस मिनिटं गेली, सुपरवायझर माझ्याशी बोलायचे थांबले. मग तिन्ही उंचीला परत मोजलं, वर, मधे, तळाला, २०.८ आलं. नायट्रोजनच्या लाईनवरचा ब्लाइंड स्वतः हात लावून बघितला, परमिटवर सही केली, पोराच्या दोरीचं टोक बाहेर बसलेल्या माणसाच्या हातात दिलं आणि तो बाहेर येईपर्यंत मॅनहोलपाशीच थांबलो.