आमची वाटचाल: पंखा मोठा, तरी पॅनल गरम

भोसरी एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला तेव्हा मी, एक वायरमन आणि एक ड्रिल मशीन एवढाच आमचा संसार. कंट्रोल पॅनल, म्हणजे मशीन चालवायची विजेची कपाटं, बनवायचे, बिल लावायचं आणि पैशांसाठी तीन महिने फेऱ्या मारायच्या. पंखा हे शेवटचं काम: दारात भोक पाडा, चार इंची एसी पंखा बसवा, जाळी लावा. मॉडेल कोणतं, तर दुकानात त्या दिवशी असेल ते.

एका मे महिन्यात चाकणहून फोन आला. पॅनलमधला साडेसात किलोवॅटचा ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं उपकरण) रोज भर दुपारी ट्रिप होतोय, म्हणजे आपोआप बंद पडतोय, फॉल्ट तापमानाचा. पंखा बदलून दिला. आठवड्याने पुन्हा तेच. मग त्याच्याच शेजारी दुसरा बसवला. ड्राइव्ह तरीही बंद पडायचाच, वर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, पॅनल दिलाय की पिठाची गिरणी?"

त्या रात्री पहिल्यांदा वही काढून बसलो. ड्राइव्हमधून साधारण तीन टक्के वीज उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणजे सव्वादोनशे वॅट. ट्रान्सफॉर्मर, एसएमपीएस (डीसी वीज देणारा पुरवठा), कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) धरून 300. शेडमध्ये मेमध्ये 40 अंश, ड्राइव्हची मर्यादा 50, म्हणजे हातात 10 अंशच. हवा किती लागेल? वॅटला 1.76 ने गुणायचं, अंशांनी भागायचं: 53 सीएफएम, म्हणजे मिनिटाला 53 घनफूट हवा. आणि आमच्या पंख्याच्या कॅटलॉगात तर 100 छापलेलं!

ते 100 मोकळ्या हवेतले, पुढे-मागे काही अडथळा नसताना. आमच्या पॅनलला खाली फिल्टर, वर चिमुकली जाळी, मध्ये वायरिंग डक्टची गर्दी. फिल्टर काढला तर धुळीने त्याची गोधडी झालेली. कॅटलॉगात दाबाप्रमाणे हवा किती कमी होते याचा आलेख असतो. मी तोवर त्या पानावर चहाचा कप ठेवत होतो. वाट अशी तुंबलेली असली की शेजारी दुसरा पंखा लावून हवा फारशी वाढत नाही, आवाज मात्र हमखास वाढतो. शेवटी पंखा एकच ठेवला, फिल्टर दुप्पट मोठा केला आणि हवा बाहेर पडायची जाळी वर, समोरच्या कोपऱ्यात नेली. ट्रिप थांबलं.

आवाजाचा धडा एका प्रयोगशाळेने दिला. तिथे उपकरणांच्या रॅकशेजारी माणूस दिवसभर बसणार होता. एकसारखे दोन पंखे लावले तर आवाज 3 डेसिबलने वाढतो, पण पंख्याचा वेग निम्मा केला तर साधारण 15 ने उतरतो. हवाही निम्मी होते, म्हणून पंखा मोठा घ्यायचा आणि सावकाश फिरवायचा. आम्ही 24 व्होल्टचा डीसी पंखा घेतला, वेग तापमानाप्रमाणे बदलणारा. तरी बारीक शिट्टी राहिलीच. जाळी पात्यांना अगदी चिकटून होती. मध्ये स्पेसर टाकून ती थोडी लांब केली आणि शिट्टी गेली. (यात माझे दोन रविवार गेले, ते बिलात नाहीत.)

आता चौकशी आली की आधी विचारतो: आत वॅट किती, जागा कसली, जवळ कोणी बसतं का? काही जण वैतागतात, पंख्यासाठी एवढी चौकशी! पॅनलसोबत एक जादा फिल्टर देतो आणि दाराच्या आत कार्ड चिकटवतो, फिल्टर धुतल्याची तारीख लिहायला. सर्व्हिसला गेलं की बहुतेक कार्डं कोरीच सापडतात.